मथुराबाईंची मुलाखत

कल्पिता रेडकरला शिसारी फार लवकर यायची. विक्रोळीच्या चाळीत वाढणाऱ्या मुलीला हे परवडणारं नव्हतं, पण नाक काही घरची परिस्थिती बघून येत नाही. चाळीच्या मागच्या संडासाच्या रांगेत उभी राहिली की ती तोंडावर फ्रॉक धरायची आणि तिला उमासे यायचे. बायका हसायच्या. "विमले, तुझी पोर राजवाड्यात जायची होती, पत्ता चुकला," म्हणायच्या.

बायकांच्या बाजूच्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. त्यामुळे कुणी एकटी जात नसे. एकीनं आत जायचं, दुसरीनं दाराला पाठ लावून बाहेर उभं राहायचं. कल्पिता आत गेली की तिची आई विमला बाहेर उभी राहायची. नुसतं उभं राहण्यात वेळ फुकट जातो म्हणून येताना ओच्यात लसूण घेऊन यायची आणि दाराला पाठ टेकून उभ्या उभ्या सोलायची. आतून कल्पिताची हाक आली की "हूं" म्हणायची. दार हललं तरी ती "हूं" ऐकू आली की पोरीला धीर यायचा. संडासाच्या त्या घाणीत फटीतून लसणीचा वास आत यायचा. त्या वासावर कल्पिताचं बालपण निभावलं.

तिचे वडील दशरथ गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली, गावी परत जायची लाज वाटली, म्हणून ओळखीनं विक्रोळीच्या एका कंपनीत वॉचमन झाले. घरात सत्ता नावाची जी काही गोष्ट शिल्लक होती, ती त्यांना निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी सापडायची. जेवता जेवता ते सांगायचे, उद्या अमक्याला मत घालायचं. विमला "होय तर" म्हणायची आणि आमटी वाढायची.

कल्पिता पहिल्यांदा मतदानाला निघाली, तेव्हा शाळेच्या वाटेवर विमलानं तिला कोपऱ्यात ओढलं. "बापाशीक सांगू नको. मी तेंचा ऐकणंय नाय. ज्यान संडासाक कडी लावल्यान, तेका माझा मत. कडी तुटली आणि कोण फिरकाक नाय, की दुसऱ्याक."

एवढंच. पण कल्पितानं पुढे राज्यशास्त्रात एम. ए. केलं, नेट काढली, जाड जाड पुस्तकं वाचली, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तिला वाटायचं की आईनं हे त्या दिवशी रस्त्यात सांगून टाकलं होतं.

आता ती बोरीवलीच्या एका कॉलेजात शिकवते. अजून कायम नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्यानं हात जोडायचे. विक्रोळीहून लिंक रोडची बस धरायची, पवईला ट्रॅफिकमध्ये पेपर तपासायचे, आणि कॉलेजात पोचेपर्यंत अर्धा वर्ग नापास केलेला असायचा. नव्या धोरणात पदवीच्या मुलांनाही संशोधन प्रकल्प आला, तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. हिनं हात वर केला. मुलांना संशोधन शिकवायचं म्हणजे हिला जेवणावळच वाटायची.

तिची एक पद्धत होती. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांच्याकडे जायचं, पण पहिल्या दिवशी एकही प्रश्न विचारायचा नाही. नुसतं बसायचं. "तुम्ही प्रश्न घेऊन जाता ना, तेव्हा खिशात उत्तर पण घेऊन गेलेले असता," ती म्हणायची. "पहिल्या दिवशी त्यांना तुमचा कंटाळा येऊ दे. कंटाळा आला की माणूस खरं बोलतो." काही मुलं खरोखर बसली होती. एक पोरगा रिक्षा स्टँडवर बसून बसून युनियनच्या पुढाऱ्याचा भाचा समजला गेला होता. एक मुलगी सोसायटीच्या सभांना जाऊन आली आणि तिनं पार्किंगवरून पंचायत राज समजावून सांगितलं होतं. असं एखादं पान हातात आलं की कल्पिता वर्षभराचा बसचा धूर विसरायची.

बाकीची पानं मात्र तिला नाकाला पदर लावून वाचावी लागत. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवायचा, चुलत भावंडांकडून भरून घ्यायचा आणि रंगीत गोल काढून लिहायचं, 'बहुसंख्य नागरिकांचे मत असे आहे.' ती समासात लाल पेननं विचारायची, 'बहुसंख्य म्हणजे कोण? तू आणि तुझी आत्या?'

आणि दर वर्षी, प्रत्येक नव्या वर्गाला, एकदाच, ती आईची गोष्ट सांगायची. कडी, पाठ, लसूण, हूं. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं पाहुण्यांसाठी काढावं तशी.

या वर्षी प्रांजल आणि सिद्धेश अशी जोडी तिच्याकडे आली. सिद्धेशला स्लाइड्स छान करता यायच्या आणि एवढंच यायचं. प्रांजल मात्र हुशार होती. तिच्या वाक्याला धार होती, वर्गात प्रश्न विचारायची, मॅडमच्या डोळ्यांत बघून मान हलवायची. मास्तराला अशी एखादी मान मिळाली की तो बाकीच्या माना बघत नाही. विषय ठरला, गोराईच्या मासे विकणाऱ्या बायका मत कसं ठरवतात. खाडीच्या अलीकडे कॉलेज, पलीकडे गोराई, मध्ये फेरीबोट. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. याहून सोयीचं काय असणार.

मुलाखती आल्या त्या कल्पितानं बसमध्ये वाचायला घेतल्या. बऱ्याचशा ठीकठाक होत्या. मग मथुराबाई आल्या. गोराईच्या कोळीवाड्यातल्या, साठी ओलांडलेल्या, डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या मथुराबाई.

'घरवाला सांगतो अमक्याला दे. मी हो म्हणते. पण मत मी त्यालाच देते, ज्यानं संडासाला कडी लावली. कडी नव्हती तेव्हा मुलगी आत जायची, मी दाराला पाठ लावून उभी राहायची. हातात लसूण. उभ्या उभ्या सोलायची. तिनं आतून हाक मारली की मी हूं म्हणायची.'

पवईच्या तलावापाशी बस अडकली होती आणि कल्पिता रडत होती. शेजारच्या माणसानं आदबीनं खिडकी उघडून दिली.

आज तिला स्वतःचं नवल वाटतं. आपल्याच आईची गोष्ट परक्या तोंडून ऐकली, तर चोरीचा वास यायला हवा. पण ज्या बाईला सगळ्या जगाची घाण येते, तिला त्या दिवशी काहीच वास आला नाही. तिला नातं सापडल्यासारखं वाटलं. विक्रोळीची एक बाई आणि गोराईची एक बाई, कधी भेटल्या नाहीत, आणि दोघींनी एकच शहाणपण काढलं. तिनं मार्गदर्शक म्हणून सही केली. प्रकल्प विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेत गेला, पहिली फेरी मुलुंडच्या एका कॉलेजात झाली, तिथे पहिला नंबर आला. विभागप्रमुख श्यामकांत सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "रेडकर मॅडम, आता निवड समितीपुढे तुमच्यासाठी बोलायला मला तोंड मिळालं." तिची कायम नेमणूक त्या समितीच्या हातात होती आणि समिती सरांच्या.

रविवारी दुपारी तिनं कौतुकानं ती मुलाखत आईवडिलांना वाचून दाखवली. दशरथ खुर्चीत टीव्हीचा आवाज बंद करून बसले. विमला जमिनीवर भाजी निवडत होती.

वाचून झाल्यावर दशरथ मांडीवर थाप मारून हसले. "शाणी बाय आसा. घोवाक कसा फसवल्यान बघ. कोळणी तश्योच."

विमला हसली नाही. तिचे हात थांबले होते. ती उठून मोरीपाशी गेली, भांडी घासलेलीच होती ती परत घासायला लागली. कल्पिता मागून गेली.

"आई, काय झालं?"

विमलानं नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "माझी लसूण तिच्या हातात कशी गेली गो?"

त्या क्षणी कल्पिताला वास आला. एकदम, सगळा. चाळीच्या मागचा. तिनं मोरीचा कठडा धरला.

"मी वर्गात सांगितली होती," ती म्हणाली.

"मी तुका सांगितलंय. तू पोरांक सांगितलंस. पोरांनी कोळणीक दिली." विमलानं पातेलं पालथं घातलं. "शेजारणीक भांडा दिला तर ता परत येता. माझा परत आणून दी. नायतर उद्या ह्यो माणूस माका इचारतलो."

दुसऱ्या दिवशी कल्पितानं दोघांना कँटीनच्या मागच्या बाकावर बसवलं. सिद्धेश वडापाव खात होता, तो त्यानं खाली ठेवला नाही.

"मथुराबाई कुठे राहतात?"

"गोराईला," सिद्धेश म्हणाला.

"मला घेऊन चला. आज."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. प्रांजल आधी बोलली, आणि तिच्या आवाजात भीती नव्हती, थोडा अभिमानच होता. "मॅडम, एआय नाही वापरलं. शप्पथ. मी स्वतः लिहिलंय सगळं."

"सगळं म्हणजे?"

"मुलाखती. सॉफ्टवेअरमध्ये पण चेक केलं ना कॉलेजनं. कॉपी काहीच नाही निघाली."

"तुम्ही गोराईला गेलाच नाहीत?"

"गेलो ना," सिद्धेश दुखावल्यासारखा म्हणाला. "बोटीनं गेलो. तुम्हीच म्हणालात पहिल्या दिवशी प्रश्न विचारायचा नाही. नाही विचारला. बसलो जेट्टीवर. उन्हात वाट लागली यार, म्हणजे, मॅडम. एका मावशीनं हाकललं, पाटीच्या मधे बसलो होतो म्हणून."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी इंटर्नल होती."

तिनं जन्मभर जपलेला नियम त्यांनी अक्षरशः पाळला होता. पहिला दिवस पाळला आणि तिथेच थांबले. कल्पिताला सिद्धेशच्या ओठाच्या कडेला लागलेली हिरवी चटणी दिसत होती आणि तिच्यावरून नजर हलवता येत नव्हती.

"मॅडम, एक विचारू?" प्रांजल म्हणाली. "तुमच्या आईची गोष्ट खरी आहे ना?"

"खरी आहे."

"मग खोटं कुठे आहे? बाई खरी, कडी खरी, फक्त नाव बदललं. नाव तर बदलावंच लागतं, तुम्हीच शिकवलंत. प्रायव्हसी."

  आपण इतकी वर्षं मुलांना काय शिकवलं हे कल्पिताला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. लोकांचं ऐकायला नव्हे, मॅडमला काय आवडतं ते ऐकायला. आणि प्रांजलनं ते फार मन लावून ऐकलं होतं.

श्यामकांत सर केबिनमध्ये चहात ग्लुकोजचं बिस्किट बुडवत होते. कल्पितानं सांगायला सुरुवात केली आणि बिस्किट तुटून कपात पडलं. सरांनी बोट घालून ते शोधायला घेतलं.

"मथुराबाई नाहीत, सर."

"नाहीत म्हणजे? वारल्या?"

"नव्हत्याच. मुलांनी बनवलं."

सरांना बिस्किटाचा लगदा सापडला. तो त्यांनी बोटानंच तोंडात घातला. "म्हणजे प्रातिनिधिक व्यक्तिरेखा म्हणा."

"संशोधनात व्यक्तिरेखा नसतात, सर. ते नाटकात."

"रेडकर मॅडम, मथुराबाई नसतील. पण मथुराबाईंसारख्या असतीलच की नाही? मग कुणाचं काय बिघडलं?" त्यांनी बोट रुमालाला पुसलं. "आणि आता माघार घेण्यासारखं राहिलंही नाही. अंधेरीहून फोन आला होता. अंतिम फेरीच्या अध्यक्षबाईंना मुलाखत इतकी भावली, की त्यांना मथुराबाईंचा सत्कार करायचाय. शाल, नारळ. समारोपाला घेऊन या म्हणाल्या."

"कुणाला घेऊन या?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो." सर थोडे पुढे झुकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर चांगली कल्पना सुचलेल्या माणसाचा उजेड आला. "तुम्ही म्हणता गोष्ट आईंची आहे. मग प्रश्नच मिटला. आईंनाच आणा. हिरवं लुगडं, अंबाड्यात फूल. कोकणातल्याच ना तुम्ही? समुद्र तोच."

 कपाच्या तळाशी बिस्किटाचा उरलेला गाळ होता आणि सर तो बशीत ओतून घेत होते.

"माझी आई लुगडं नेसत नाही, सर. आणि ती मथुरा नाही."

"बघा. मी आग्रह करत नाही. निवड समिती समारोपाच्या दुसऱ्याच दिवशी आहे, एवढं फक्त लक्षात असू दे. तुम्ही शहाण्या आहात."

ती तिथून निघाली ती सरळ जिन्यापलीकडच्या बायकांच्या संडासात गेली. तिथली कडी पावसाळ्यापासून तुटलेली होती. एका हातानं दार धरायचं आणि वाकायचं, हे एकाच वेळी जमेना. तेवढ्यात बाहेरून दाराला कुणीतरी पाठ लावली.

"मी धरलंय, मॅडम." प्रांजल होती. "तुमचं होऊ द्या."

कल्पिता ओकली. सकाळचा चहा, पोहे, सगळं. नळाला पाणी बारीक येत होतं.

"मॅडम," दारापलीकडून आवाज आला, "मथुराबाई काढून टाकू का?"

"काढ."

"मग प्रोजेक्टमध्ये काहीच उरत नाही."

"नाही उरत."

"सर चिडतील. माझं पुढचं अ‍ॅडमिशन आहे, त्यांचंच रेकमेंडेशन लागणार."  मग प्रांजल अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला वाचून रडू आलं ना? सिद्धेश म्हणाला तुम्ही डोळे पुसत सही केली."

कल्पितानं तोंडावर पाणी मारलं. "आलं," ती म्हणाली. "त्याचीच घाण येतेय."

ती बाहेर आली तेव्हा प्रांजल गेलेली होती.

समारोप अंधेरीच्या एका मोठ्या सभागृहात होता. एसी इतका की लोकांनी ओढण्या गुंडाळून घेतल्या होत्या. प्रांजलनं मथुराबाई काढल्या नव्हत्या. उलट तिनं ती मुलाखत आवाज बदलून, थांबत थांबत वाचली, आणि 'हूं' पाशी सभागृहात चुकचुकाट झाला. ती स्टेजवरून सगळीकडे बघत होती, फक्त कल्पिता बसली होती त्या रांगेकडे नाही.

मध्यंतरात कल्पिता अध्यक्षबाईंपाशी गेली. त्या मोठ्या विदुषी होत्या, गळ्यात चांदीची जाड साखळी, हातात सँडविच.

"बाई, मार्गदर्शक म्हणून माझं नाव काढा. या मुलाखती झालेल्याच नाहीत. मथुराबाई नावाची कुणी नाही."

अध्यक्षबाईंनी सँडविचचा घास गिळला. "नाही कशी? त्या काय समोर बसल्या आहेत."

पहिल्या रांगेत खरोखर एक बाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली, पायातल्या चपला काढून ठेवलेल्या, आणि पाय थंडीनं एकमेकांवर घासत होत्या. त्यांच्याशेजारी कॉलेजचा शिपाई धर्मा अंग चोरून बसला होता. धर्मा गोराईचा. श्यामकांत सरांनी त्याला सांगितलं असणार, तुझ्या गावची एखादी आण.

"त्या बाई खोट्या आहेत का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कल्पितानं त्या बाईंचे हात बघितले. मिठानं आणि बर्फानं खाल्लेली बोटं. "बाई खऱ्या आहेत. मुलाखत खोटी आहे."

"हे बघा, पाहुणे खोळंबलेत. कार्यक्रम झाला की बोलू आपण, नीट." आणि त्यांनी उरलेलं सँडविच कल्पिताच्याच हातात दिलं, धरायला. कागदी बशी कुठे ठेवायची ते त्यांना सुचलं नसावं.

सँडविच हातात घेऊन कल्पिता उभी होती तेव्हा माइकवरून तिचं नाव आलं. मार्गदर्शकांनी दोन शब्द बोलावेत. श्यामकांत सर खालून तिच्याकडे बघून हसत होते, जसं आपण परीक्षेला जाणाऱ्या पोराकडे बघून हसतो.

तिनं सँडविच पहिल्या मिळालेल्या खुर्चीवर ठेवलं आणि स्टेजवर गेली.

"मार्गदर्शक म्हणून माझं नाव घेऊ नका," ती म्हणाली. आवाज चांगला लागला. "या मुलाखती झालेल्या नाहीत. मुलं एक दिवस गोराईला जाऊन परत आली आणि बाकी घरी बसून लिहिलं. कडीची आणि लसणीची गोष्ट माझ्या आईची आहे. तिचं नाव विमला दशरथ रेडकर. ती विक्रोळीला राहते. मी तिला न विचारता ही गोष्ट वाटली. बक्षीस देऊ नका."

ती थांबली.

मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. सकाळपासून मागची मुलं वक्ता थांबला की टाळ्या वाजवत होती, तशा त्यांनी वाजवल्या. मधल्या रांगांनी त्यांचं ऐकून वाजवल्या. सूत्रसंचालक पोरगी आपलं पुढचं वाक्य पाठ करत होती, ती माइकपाशी आली. "धन्यवाद मॅडम. आईच्या आठवणीनं त्या भावुक झाल्या आहेत. आता मी विनंती करते मथुराबाईंना..."

धर्मानं कोपरानं ढोसलं तशा बाई उठल्या. अध्यक्षबाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोसाठी दोघी थांबल्या. प्रांजल आणि सिद्धेश दोन्ही बाजूंना उभे राहिले. श्यामकांत सर मधे कसे आले ते कुणाला कळलं नाही. मार्गदर्शकाच्या जागी.

कल्पिता पायऱ्या उतरून बाहेर आली. रागाला निदान ऊब असते. हे तसं नव्हतं. गार भाताला वास यायला लागावा तसं काहीतरी तिच्या आत होतं. ती खरं बोलली होती, सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि टाळ्या वाजवून गिळून टाकलं होतं. फोन वाजला. श्यामकांत सरांचा निरोप, 'उद्या समितीपुढे येण्याची तसदी घेऊ नये.' आत फोटो चालू असतानाच त्यांनी तो पाठवला होता.

ती बाहेरच्या कट्ट्यावर बसली. थोड्या वेळानं हिरव्या लुगड्यातली बाई येऊन तिच्याशेजारी बसली आणि उन्हाकडे पाय केले.

"काय गारठा गो आत. पापलेट ठेवल्यासारखी ठेवली." बाईंनी कल्पिताकडे बघितलं. "धर्मा रिक्षा बघतो. मी त्याची आत्या. बेबी. म्हनला, आत्ये, बस दोन घटका, जेवन हाय. जेवन कुठंय?"

"आत. मागच्या बाजूला."

"जाऊ दे. माझी पाटी सुनेनं घेतलीय, तिला भाव नाय सांगता येत." बेबीबाईंनी नारळ कानाशी धरून हलवला, पाण्याचा अंदाज घेतला. "मना एक सांग. सकाळपासून सगले मना मथुरा मथुरा करतात. कोन गो ती मथुरा?"

कल्पिताच्या तोंडाशी पुष्कळ आलं. प्रातिनिधिक व्यक्तिरेखा, खोट्या मुलाखती, प्रायव्हसी. मग तिनं ते सगळं सोडून दिलं.

"माझी आई," ती म्हणाली.

"मेली?"

"नाही. विक्रोळीला असते."

"मग तिलाच आनायची ना. मना कशाला आनली?"

 बेबीबाई कल्पिताच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना काय कळलं, किती कळलं, ते सांगता येत नाही. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, झटकली, चौकोनी घडी केली आणि कल्पिताच्या मांडीवर ठेवली.

"ने तिला. मी काय करू या लोकरीचं, मना घाम येतो. नारल मी ठेवते."

धर्मा रिक्षा घेऊन आला. कल्पिताकडे बघायचं त्यानं टाळलं. बेबीबाई नारळ पोटाशी धरून रिक्षात बसल्या आणि गेल्या. त्या मत कुणाला देतात हे कल्पितानं विचारलं नाही. आज पहिला दिवस होता.

विक्रोळीची बस मिळाली. शालीला बांगड्याचा वास येत होता, चांगला जबरदस्त. शेजारच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. कल्पितानं शाल मांडीवर घट्ट धरून ठेवली, आणि पवई गेली तरी तिला उमासा आला नाही.

घरी दशरथ खुर्चीत होते. विमला खाली बसून लसूण सोलत होती. कल्पितानं शाल तिच्यापुढे ठेवली.

"ह्या काय?"

"तुझं. परत आणलं. एवढंच मिळालं."

विमलानं शाल नाकाशी नेली. "बांगड्याची घाण येता."

"हो."

"म्हणजे कोण तरी कोळीण होती तर." विमलानं शाल खांद्यावर टाकून बघितली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. "नाव सांगितलंस माझा?"

"सांगितलं. माइकवर."

"मगे?"

"टाळ्या वाजवल्या."

 कायम नेमणुकीचं काय झालं, हे विमलानं विचारलं नाही. पोरीच्या तोंडावरून तिला ते कळलं होतं. शाल खांद्यावर तशीच ठेवून ती पुन्हा लसूण सोलायला लागली.

दशरथ बराच वेळ त्या शालीकडे बघत होते. मग विमलाच्या हातांकडे. मग परत शालीकडे. टीव्हीवर कुणीतरी येत्या निवडणुकीतल्या मतांचं गणित समजावून सांगत होतं. त्यांनी आवाज बंद केला.

"विमल," ते म्हणाले, "आपल्या चाळीत संडासाक कडी कधी लागली गो?"

विमलानं पाकळी सोलून ताटलीत टाकली.

"जेवान वाढू?" ती म्हणाली.